तुटलेला दम

रांजणगावच्या एका कंपनीत मी पॅकिंगला होते आणि कंपनीच्या बायकांच्या कबड्डी संघात चढाई करायचे. दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, तरी शिफ्ट सुटली की तशीच मैदानावर जायचे. दमण्याची सवय झाली होती. भीतीची नव्हती.

शिरूरच्या स्पर्धेत शेवटची चढाई माझ्याकडं आली. एका गुणाचा प्रश्न होता. रेषा ओलांडली आणि तोंडातलं 'कबड्डी कबड्डी' बंदच पडलं. कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. पंचांनी शिट्टी मारली. दम तुटला, मी बाद, सामना गेला.

पुढं सरावातही तेच. रेषेजवळ गेलं की घसा आवळायचा. डॉक्टर म्हणाले, घशाला काही झालेलं नाही. एका साहेबांनी हिंमत वाढवणारे व्हिडिओ पाठवले. कंपनीच्या बसमध्ये ते बघता बघता मला झोप लागायची.

आम्हाला शिकवणारे मामा पाटसच्या साखर कारखान्यातून रिटायर झालेले, जुने खेळाडू. त्यांना म्हटलं, "मामा, मला बसवा आता. दुसरीला खेळवा."

 ते म्हणाले, "माझा बी दम असाच तुटला हुता. त्याच दिवशी मैदान सोडलं म्या. आजून सलतंय. तुला बसायचं तर बस, पन एक चढाई करून बस."

दौंडच्या सामन्यात माझी पाळी आली. शेजारी उभ्या असलेल्या संघातल्या मैत्रिणीला म्हटलं, "भ्या वाटतंय गं."

"मला काय वाटत न्हाई व्हय? जा."

गेले. घसा आवळलाच, आवाज घोगरा निघाला, पण निघाला. समोरचीनं घोटा धरला आणि चौघी अंगावर पडल्या. तोंडात माती गेली तरी शिट्टी होईपर्यंत मी 'कबड्डी' म्हणत राहिले. बाद झाले. सामनाही हरलो.

मामांनी पाण्याची बाटली पुढं केली. "बसायचं का आता?"

"बघू," म्हटलं. बोलायचं त्राणच नव्हतं.

पुढं गुडघा जाईपर्यंत खेळले मी. कधी घसा आवळायचा, कधी नाही. त्या दिवशी मात्र एवढंच कळत होतं, की सकाळी पहिली शिफ्ट आहे आणि अंग फार दुखतंय.