मुलं सांगतात, मोठे टाळ्या वाजवतात

रफिक आणि मी क्रांती चौकात चहाला थांबलो की एक तरी किस्सा निघतोच. तो संपत नाही तोवर रफिकला दुसरा आठवतो, मग मला तिसरा. सोबतचे मित्र पोट धरून हसतात आणि म्हणतात, लिहून काढा हे. आधी मीही हसायचे. हल्ली सांगता सांगता माझे कान तापतात.

आमचं काम साधं आहे. शहरातल्या आणि आसपासच्या शाळा-कॉलेजांत जायचं, मुलांकडून चित्रं, नाटकं, फोटो असं काहीबाही करून घ्यायचं आणि त्यातून विचारायचं, बाबांनो, तुम्ही बरे आहात का? मी नाटकवाली, रफिक चित्रकार. आम्हाला पाठवणाऱ्या संस्थेच्या मॅडम या कामाला 'तरुणांचा आवाज' म्हणतात. आवाज निघतो हो. ऐकायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे.

*

एका कोचिंग क्लासमध्ये गेलो होतो. मोठ्या परीक्षांची तयारी, वरच्याच मजल्यावर हॉस्टेल. रफिकनं मुलांना सांगितलं, तुम्हाला सगळ्यात बरं कशात वाटतं ते काढा.

मुलं कागदावर वाकली. थोड्या वेळानं फिरून बघतो तर एकानं गादी काढलेली, दुसऱ्यानं गोधडी, कुणी आजोळच्या अंगणातली बाज. एका मुलीनं नुसतं मांजर काढलं होतं, उन्हात पसरलेलं. कुणी कुणाचं बघितलं नव्हतं. अख्ख्या वर्गानं कागदावर झोप काढली होती.

रफिकनं क्लासच्या मालकांना गाठून समजावलं. मुलं थकलीत, पहाटेचा तास तरी बंद करा. मालकांनी मन लावून ऐकलं, चित्रं ठेवून घेतली आणि नक्की काहीतरी करतो म्हणाले.

केलंही. पुढच्या आठवड्यात ती चित्रं दर्शनी भिंतीवर लागली होती. वर मोठा फ्लेक्स होता: 'आमच्या विद्यार्थ्यांची स्वप्नं. प्रवेश सुरू.'

*

वाळूजला कामगारांच्या वस्तीतली मुलं होती. त्यांना म्हटलं, मोबाइलवर आपल्या घराचा आवाज रेकॉर्ड करून आणा. कुणी कुकरची शिट्टी आणली, कुणी टीव्हीवरून चाललेलं भांडण. नववीतल्या अक्षयनं जे आणलं त्यात फक्त पंख्याची घरघर होती. ऐकायला मॅडमही आल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाळा, तुझं रेकॉर्डिंग आलेलं दिसत नाही.

अक्षय म्हणाला, "आलंय मॅडम. पप्पांची नाइट असती. दिवसा ते झोपतेत. आमच्या घरात एवढाच आवाज असतो."

एकच खोली. हा शाळेतून आला की दप्तर अलगद ठेवायचं, आईशी खुणांनी बोलायचं, हसू आलं तर बाहेर पळायचं. हे त्यानं तक्रार म्हणून सांगितलं नाही, विचारलं म्हणून सांगितलं. ते रेकॉर्डिंग कार्यक्रमात जसंच्या तसं वाजवायचं मी ठरवलं.

मॅडमना मात्र वेगळं सुचलं. कार्यक्रमात ते रेकॉर्डिंग वाजवलं तेव्हा पंख्यावर बासरी चढवलेली होती. मी भडकले. त्या म्हणाल्या, अगं, नुसता पंखा लोक किती वेळ ऐकणार?

अक्षय मागच्या रांगेत बसला होता. मला हळूच म्हणाला, "ताई, ही बासरी कोणाच्या घरची हाय?"

*

हा किस्सा छोटा आहे. एका शाळेत गोल करून बसलो होतो. खेळ असा, की आपल्याला कशी हाक मारलेली आवडते ते त्याच चालीवर म्हणून दाखवायचं. एक मुलगा म्हणाला, "मला नुसतं सिद्धार्थ म्हणा. प्रेमानं."

आम्ही सगळ्यांनी मिळून हाक मारली. पोरगं लाजलं, आनंदलं.

दारात त्यांचे वर्गशिक्षक उभे होते. तिथूनच म्हणाले, "पुढं काय? आडनाव सांग की. त्याशिवाय कळणार कसं?"

सिद्धार्थ उठून उभा राहिला. आवाज अजिबात चढवला नाही त्यानं.

"काय कळणार, सर?"

सरांना कुठलंसं काम आठवलं. ते गेले.

*

कॉलेजच्या मुलींना आम्ही फोटो काढायला सांगितले होते. येता-जाता जिथं छातीत धडधडतं, ती जागा टिपा. समरीन नावाच्या मुलीनं गाड्यांवर बसलेल्या टोळक्याचा फोटो आणला. वळणावरची पानटपरी, पाठमोरी चार-पाच पोरं, आणि एका गाडीच्या आरशात मागून येणारी एक मुलगी. फोटो इतका नेमका होता, की रफिकनं तो सगळ्यांत वर ठेवला.

फोटो कॉलेजच्या समितीपुढं ठेवले. समितीनं गांभीर्यानं चर्चा केली. चहा झाला, बिस्किटं झाली. मग निर्णय आला: मुलींनी त्या रस्त्यानं येऊ नये, मागच्या गेटचा वापर करावा.

मागचं गेट म्हणजे केवढा तरी वळसा. समरीन आम्हाला त्याच गेटवर भेटली, घामानं निथळत. म्हणाली, "फोटो मैंने उनका निकाली थी ताई. रस्ता मेरा बंद हो गया."

परत येताना रफिक गाडी चालवत होता. तो एवढंच बोलला, "इनको सुनना इच नै है." मी रस्ताभर शिव्या घालत होते. त्या इथं लिहिता येणार नाहीत.

*

आता शेवटचा. वेरूळच्या रस्त्यावरच्या एका गावातली शाळा. तिथल्या मुलींबरोबर मला नाटक बसवायचं होतं, विषय 'आमचं आरोग्य'. मुली आधी बोलेनात. मग नववीतली रोहिणी म्हणाली, बोललं की बोलणी बसतेत, आपण मुकं नाटक करू.

तसंच केलं. आई सकाळी पाण्याची बाटली देते. मुलगी दिवसभर फक्त ओठ ओले करते. शाळेत एका दाराशी जाते, तर तिथं एक मुलगी हाताची घडी घालून उभी. ती म्हणजे कुलूप. पोट धरून मुलगी परत वर्गात. कबड्डीच्या तासाला ती कडेला बसते. शेवटच्या तासाला चक्कर येऊन पडते. संध्याकाळी आईला कळू नये म्हणून बाटलीतलं पाणी झाडाला ओतते आणि घरी जाते.

हे सगळं त्यांच्या शाळेत रोज घडत होतं. मुलींच्या बाथरूमला कुलूप, चावी हेडसरांच्या खिशात. पोरी घाण करतात, असं त्यांचं म्हणणं. पाहुणे आले की दार उघडायचं, ते गेले की बंद. मी दोनदा भांडले होते. बघू म्हणाले.

कार्यक्रमाला एक मोठे पाहुणे आले. मॅडम होत्याच. नाटक झालं. मंडपात बसलेल्या आयांपैकी काहींनी पदर तोंडाला लावला होता.

पाहुणे माइकवर आले. म्हणाले, या छोट्या मुलींनी पाणी बचतीचा किती मोठा संदेश दिला! उरलेलं पाणीसुद्धा वाया न घालवता झाडाला! आणि ती हाताची घडी घालून धरण झालेली मुलगी तर अप्रतिम.

टाळ्या पडल्या. स्टेजवर बसलेल्या हेडसरांनी सगळ्यात जोरात वाजवल्या. मी उठायला लागले तर मॅडमनी माझा हात दाबून धरला. आता नको, प्लीज.

तेवढ्यात बक्षीस घ्यायला रोहिणीला स्टेजवर बोलावलं. पाहुण्यांनी सगळ्या मुलींसाठी पाण्याच्या बाटल्या आणल्या होत्या, गुलाबी, झाकणावर फूल असलेल्या. पहिली तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "भरपूर पाणी प्यायचं हं, बेटा."

रोहिणीनं ती रिकामी बाटली टेबलावर ठेवली. पाहुण्यांच्या पुढ्यातली भरलेली बाटली उचलली, सील तोडलं आणि तोंडाला लावली. घटाघटा नाही, सावकाश प्यायली. पाहुणे आधी हसले, मग हसू तसंच ठेवून बघत राहिले. शेवटचा थेंब संपला तेव्हा तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि हेडसरांपुढं हात पसरला.

"सर, चावी."