गॅलरीतला दुधी

समोरच्या इमारतीतला तरुण नवरा आज सकाळी बायकोच्या कुंडीतल्या झाडाला बाजारातलं लिंबू दोऱ्यानं बांधत होता. मी बघतेय हे कळताच त्यानं ओठांवर बोट ठेवलं. मी हसले, आणि हसता हसता थांबले.

लग्न होऊन शहरात आले तेव्हा मीही गॅलरीत शेती मांडली होती. कितीतरी दिवस नुसती पानंच, आणि एका सकाळी वेलाला हातभर दुधी. देठाला दोरा होता. "वाऱ्यानं पडेल म्हणून बांधलाय," हे म्हणाले होते. मी बावळट, त्या दुधीला हळदकुंकू लावलं, शेजारणींना बोलावून लागवडीचे धडे दिले. वेलावरचं फळ बोटाबोटानं वाढतं, एका रात्रीत फक्त खोटं वाढतं, हे शेतकऱ्याच्या लेकीला सुचलं नाही.

आत येऊन विचारलं, "अहो, तो आपला दुधी मंडईतला होता?"

यांनी पेपर खाली केला नाही. "तू रोज रडायचीस गं त्या वेलापाशी."

रागानं मी बिनसाखरेचा चहा पुढे ठेवला. घोट घेऊन हे म्हणाले, "छान झालाय."

पन्नास वर्षं मी याच आवाजातल्या 'छान'वर संसार केला.