आंजीच्या पऱ्हाटीतली गोष्ट

एकोणऐंशी सालच्या डिसेंबरात पुण्याहून निघालेली गाडी मला सकाळी वर्ध्याच्या फलाटावर उतरवून नागपूरकडे निघून गेली. थंडी अशी, की बोटं बॅगेच्या पट्ट्यावरून सुटेनात. मी वर्तमानपत्रांसाठी सुटं लेखन करायची आणि त्यात मुलाखतीच जास्त. मंत्र्यांसमोर, गवयांसमोर बसताना कधी छातीत धडधडलं नव्हतं. पण आज मी, आधी पत्राने कळवून, अन्नपूर्णाबाई भोयरांना भेटायला निघाले होते. कॉलेजात असताना त्यांचा पहिला कथासंग्रह मी ग्रंथालयाच्या कपाटापाशी उभ्याउभ्याच वाचायला लागले होते, ते शिपायाने दिवे मालवेपर्यंत. दुसऱ्या संग्रहानंतर त्यांनी लिहिणं थांबवलं. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

स्टँडकडे जाताना कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रांग लागली होती. रिक्षा त्यांच्या कडेकडेने सरपटत गेली. आंजीच्या एसटीत शेजारच्या बाईंनी मला आधी नीट न्याहाळलं आणि मग विचारलं, "कोनाकडे जाता वो?"

"भोयरबाईंकडे."

"शाळेत होत्या त्या बाई? त्या घरी नाई भेटाच्या. वावरात असन."

"त्या गोष्टी लिहितात ना, त्याच."

"लिवते का नाई मले काय माईत! सांगते मात्र लय."

वावर (शेत) गावाबाहेर नाल्याच्या पलीकडे होतं. पऱ्हाटी (कपाशी) फुटून पांढरी झाली होती आणि बाया ओळीने कापूस वेचत होत्या. त्यातली जाड भिंगांचा चष्मा लावलेली, ठेंगणी बाई म्हणजेच अन्नपूर्णाबाई, हे कुणी सांगायची गरज पडली नाही. मी हात जोडले. गाडीत पाठ केलेली वाक्यं सगळी पळाली. "मी तुमचं... वाचलंय," एवढंच तोंडातून निघालं.

"पुन्याच्या ना तुमी? या," त्या म्हणाल्या. "ओटी बांधा. बोलाले हात कशाले थांबवाचे?"

मी पदराची ओटी केली आणि त्यांच्या शेजारच्या ओळीला लागले. वाळलेल्या बोंडांची टोकं सुईसारखी असतात, हे मला बोट टोचल्यावर कळलं. वेचलेल्या कापसावर रक्ताचा ठिपका पडला. मागून कोणीतरी म्हणालं, "पुन्याचा कापूस लाल असते काय वो?" सगळ्या हसल्या. मीही हसले आणि थोडी मोकळी झाले.

दुपारी कडुनिंबाखाली भाकरी सुटल्या. झुणका, ठेचा, वांग्याचं भरीत. "सांबार घ्या वरून," म्हणून आग्रह झाला, तेव्हा मी वाटी पुढे केली. पुन्हा हशा. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर! या सगळ्या गडबडीत एक तरुण मुलगी मात्र गप्प बसून होती. भाकरीचा तुकडा तिच्या हातातच होता. तिला इथे मी सिंधू म्हणते.

"आज संध्याकाळी तिले न्याले दीर येऊन राह्यला," एका म्हातारीने मला हलक्या आवाजात सांगितलं. "नवऱ्यानं मारून हाकललं होतं. आता म्हन्ते, पाठवा."

जेवणानंतर पुन्हा ओळी धरल्या आणि बाईंनी कालची गोष्ट पुढे सुरू केली. सासरी मार खाऊन माहेरी आलेल्या रुखमाला न्यायला दीर बंडी घेऊन आला आहे. वाटेत नदीच्या पात्रात बैलांना पाणी पाजायला बंडी थांबते. रुखमा तोंड धुवायला उतरते. इथे बाई थांबल्या.

"मंग?" म्हातारी म्हणाली.

"तुमीच सांगा."

"जाईन नाई त काय करन? भावाच्या घरी किती दिस काढन?"

"माय हाये ना अजून," दुसरी म्हणाली. वाद लागला. हात मात्र कुणाचेच थांबले नाहीत.

ओळीच्या टोकाकडून आवाज आला, "ते बंडीत नाई बसत." सिंधू मान खाली घालून वेचतच होती.

"काऊन नाई बसत?" बाईंनी विचारलं.

"पान्यात तिले आपलं तोंड दिसलं. डोयाजवळचा वळ अजून गेला नाई."

सगळं वावर गप्प झालं. बाई हळूच म्हणाल्या, "मंग कुठी जाते ते?"

"वापस. पायी."

आणि बाईंनी तिथून गोष्ट उचलली. ओल्या पायांना चिकटलेली वाळू, मागून हाका मारणारा दीर, पुढे चढणीचा रस्ता, दारातून लांबवर बघणारी आई. पुस्तकात वाचून मी थरारले होते तशी वाक्यं माझ्यासमोर, कापसाच्या झाडांमध्ये जन्म घेत होती. बॅगेतून वही काढावी, हे मला सुचलंही नाही.

संध्याकाळी सिंधूच्या अंगणात दीर बाजेवर बसला होता. बाई दाराशी उभ्या राहिल्या, मी त्यांच्या मागे. सिंधू बाहेर आली.

"मी नाई येत," ती म्हणाली.

"कोनं शिकवलं तुले हे?" दीर उसळून उठला. त्याने बाईंकडे रोखून पाहिलं.

"कोनी नाई," सिंधू म्हणाली. "मीच म्हनून राह्यली."

सगळे तिच्या बापाकडे बघायला लागले. तो पुढे आला. मग दिराला म्हणाला, "चहा घ्या, अन् जा."

रात्री मी बाईंकडेच राहिले. सकाळी त्या मला एसटीपर्यंत सोडायला आल्या, तेव्हा मी शेवटी विचारलं, "तुम्ही लिहिणं का थांबवलंत?"

"लिवत होती तवा शेवट माह्या हातात राहे," त्या म्हणाल्या. "मी म्हनन तसंच त्या बाईनं कराचं. तेच मले नको झालं."

"ती रुखमाची गोष्ट सिंधूसाठीच होती ना?"

"मी गोष्ट सांगतली. तिनं काय ऐकलं ते तिचं." एसटी आली. माझ्या हातात तुरीच्या शेंगांची पुरचुंडी देत त्या म्हणाल्या, "येजो पुन्हा."

वर्ध्याहून परतीच्या गाडीत मला खिडकीजवळ जागा मिळाली. बाहेर मैलोन् मैल पऱ्हाटी आणि तिच्यात वाकलेल्या बाया. इतकी वर्षं मला वाटायचं, मोठा लेखक म्हणजे ज्याच्याजवळ सांगण्यासारखं खूप असतं. बाई मात्र ऐन मोक्याच्या जागी गप्प बसल्या होत्या आणि एका मुलीला स्वतःचा आवाज ऐकू आला होता. मी वही उघडून रुखमाची गोष्ट लिहायला घेतली. नदीपर्यंत भराभर लिहिली. पण सगळं वावर गप्प झालं ती जागा आली, आणि तिथे काय लिहावं ते मला आजतागायत सुचलेलं नाही.