दार लावून ठरवलेला उमेदवार

कतारमध्ये, दोह्याच्या नजमा वस्तीत आमची कोकणी मेस होती. रत्नागिरीवाले आणि कुलाबावाले आपापल्या खोलीत दार लावून एकेक उमेदवार ठरवत. मग त्या दोघांतून सगळ्यांनी हात वर करून मॅनेजर निवडायचा. रत्नागिरीवाल्यांची बैठक मी चालवायचो. घराण्यातला पहिला बी.ए. होतो, मान होताच.

मेसमध्ये भिवंडीकडचा एक वेल्डरही जेवायचा, दोन्हींकडचा नव्हे. जेवताना माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीने लावायचा. एका शुक्रवारी बैठकीच्या वेळी तो आमच्या दारात उभा राहिला.

"हा आपला नाय," आतून कुणीतरी म्हणालं.

तो हसला. "मासा कुठला आणायचा ते तुम्ही दार लावून ठरवता, भाई. आम्हाला नुसतं विचारता, तळू की कालवण करू? जेवतो तर मीपण."

मला ते पटलं. म्हटलं, "यल्ला, आत या. तुमचाही हात मोजू."

कुरकुर झाली. तो चपलांपाशी बसला आणि आमच्या ठरलेल्या माणसाला सोडून आमच्यातल्याच एका अबोल सुताराच्या नावाला त्याने हात वर केला. त्याच्या मागून इतके हात वर आले की आमचा माणूस पडला.

पुढे तो दुखानला, तेलाच्या विहिरींवर कामाला गेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. बैठकीचं दार मात्र आम्ही पुन्हा लावलं नाही.