हळदीचं चीवर

हळद शिजायला लागली की तो उग्र वास मला थेट वसमतजवळच्या आमच्या वस्तीत, विहाराच्या भिंतीपाशी नेऊन उभं करतो. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. बुद्ध पौर्णिमेसाठी त्या भिंतीवर बाहेरून बुद्ध काढायचे होते. वस्तीत चित्रांसाठी नाव माझं, पण म्हाताऱ्यांनी काम दिलं माझ्या धाकट्या जावेला. मला फक्त खालचं कमळ. ती पांढरं लुगडं नेसून यायची, पंचशील म्हणून मगच कोळसा हातात घ्यायची. तिनं काढलेले डोळे धड मिटलेलेही नव्हते, धड उघडेही नव्हते. मला ते जन्मात जमले नसते, म्हणून तर मी जास्त जळले. चीवराला, म्हणजे बुद्धाच्या अंगावरच्या वस्त्राला, तिनं डिंकात कालवलेली हळद लावली. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "अगं, हळद उन्हात टिकती व्हय?" ती म्हणाली, "न्हाई टिकली तर पुन्हा लावू, अक्का." मी मुद्दाम कमळाला पक्का ऑइलपेंट दिला. दिवाळीपर्यंत चीवर पांढरंफटक पडलं आणि मला मनातून गुदगुल्या झाल्या. पण पुढच्या वर्षीच्या बुद्ध पौर्णिमेला घराघरातून बाया मूठमूठ हळद घेऊन आल्या. एक म्हातारे कडाडले, "हळद वाहून राहिल्या काहून? बुद्धाचा देव केला का?" जाऊ हसली, "वाहत न्हाई, आबा. चीवर रंगवून राहिलो." तेव्हापासून दरवर्षी सगळ्या वस्तीचे हात त्या चीवराला लागतात. खाली माझं कमळ अजून जसंच्या तसं आहे; त्याला कुणाच्या हाताची कधी गरजच पडली नाही.