दुसऱ्या गोळीची अट

आफ्रिकेत रानरेड्याच्या शिकारीला जायचं माझ्या डोक्यात बरीच वर्षं घोळत होतं. जर्मनीत शिकारीचा परवाना काढला, रेगेन्सबर्गच्या आसपासच्या जंगलांत रानडुकरं मारली, पण रेड्याचं नाव काढलं की बायको विषय बदलायची. शेवटी एकदा तिनेच विचारलं, "पहिली गोळी चुकली आणि रेडा अंगावर आला, तर दुसरीला वेळ किती मिळतो?"

"फार तर एक श्वास," मी खरं ते सांगितलं. त्यासाठीच तर दोन नळ्यांची रायफल घेतात.

"मग ती दुसरी गोळी माझ्यासमोर मारून दाखव. जमली तर जा. नाही जमली तर हे खूळ कायमचं सोडायचं."

मी कबूल झालो आणि त्याच शनिवारी दोघं रायफल निवडायला गेलो. दुकान एका वयस्क बाईंचं. बंदुका त्या स्वतः घडवतात, आणि खाली तळघरात नेमबाजीची लांबलचक खोली आहे. बाईंनी एक रायफल बिजागरीवर मधोमध उघडून माझ्या हातात दिली. मी खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर काढला.

"मला बघायला आलास तेव्हा बरा घरी विसरलास हा," बायको म्हणाली.

गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करणाऱ्याला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला मी काय करू? नळ्यांच्या दोन छिद्रांमधलं अंतर मागच्या बाजूला जास्त भरलं, तोंडाशी कमी. म्हणजे नळ्या समांतर नाहीत! तक्रार करायला तोंड उघडलं आणि डोक्यात प्रकाश पडला. उजवी नळी उडाली की गोळी बाहेर पडायच्या आत अख्खी रायफल उजवीकडे ढळणार, डावी उडाली की डावीकडे. म्हणून दोन्ही आधीच किंचित आत वळवलेल्या, हे मी बोलून दाखवलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर," बाई म्हणाल्या.

"पण किती वळवायच्या, याचं गणित?"

"गणित थोडंफारच. मग गोळी झाडायची, नळ्या जोडणारा डाख वितळवायचा, नळी केसभर सरकवायची, पुन्हा झाडायची. दोन्ही गोळ्या एका जागी पडेपर्यंत. आणि हे सगळं एकाच प्रकारच्या काडतुसासाठी."

माझ्या अंगावर काटा आला. इतक्या चिकाटीने घडवलेली वस्तू मी आजवर हातात धरली नव्हती, आणि तिच्यापुढे खूप लहान वाटत होतं.

तळघरात मी हौसेने सगळ्यात जाड काडतुसाची रायफल उचलली. पहिल्या गोळीच्या धक्क्याने छत दिसलं. दुसरी समोरच्या निशाणाच्या कागदालाही लागली नाही. मागे बायकोने सुटकेचा निःश्वास सोडला.

बाईंनी जरा लहान काडतुसाची दुसरी रायफल दिली. "डोळे मिटून खांद्याला लावा. आता उघडा."

उघडले तर नेम आपोआप जुळलेला होता. मी दोन चापांपैकी पुढचा ओढला, रायफल उसळून जागेवर आली, मागचा ओढला. कागद जवळ आणला तेव्हा दोन भोकं एकमेकांना चिकटलेली होती. मी हरखून बायकोकडे वळलो.

तिने भोकांवर बोट ठेवलं.

"तुला जमणार नाही असं वाटलं होतं," ती म्हणाली. "म्हणूनच अट घातली होती मी."