वीस फॉर्म आणि माझ्या सँडल

मी गुन्हेगारीशास्त्रात एम.ए. करते. हे ऐकलं की लोक आधी विचारतात, "म्हणजे पोलिसात जाणार का?" नाही. माझ्या प्रबंधाचा प्रश्न साधा आहे: गावात चोरी झाली तर लोक तक्रार का देत नाहीत? सरांनी बजावलं होतं की सोमवारी वीस भरलेले फॉर्म टेबलावर दिसले नाहीत, तर विषय रद्द. मग वर्षभर वाचनालयात बसून कायद्यांची तुलना करायची. त्या भीतीनेच शनिवारी सकाळी मी नागपूरहून कारंज्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवास स्वस्तात झाला.

कारंज्याला स्टँडसमोर तर्री-पोहे खाल्ले. तर्री जरा बेतानेच घ्या, माझे कान गरम झाले होते. तिथेच माझ्या नव्याकोऱ्या सँडलचा उजवा पट्टा उसवला. पुढे कामरगावपर्यंत जीप. ती भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली म्हणजे काय हे फक्त ड्रायव्हरला ठाऊक असतं. कामरगावच्या पुढचं छोटं गाव गाठेपर्यंत दुपार झाली. मैत्रिणीची मालामावशी तिथे राहते, माझा मुक्काम तिच्याकडेच होता.

चार वाजेपर्यंत अकरा फॉर्म भरले आणि अकराही कोरडे.

"चोरी? आमच्या गावात नाई होत," प्रत्येक घरी हेच उत्तर. मी अंगणात खाट टाकून विचारत होते आणि शेजारपाजारचे जमून माना डोलवत होते. अख्ख्या गावात एक कोंबडीसुद्धा चोरीला गेली नव्हती. मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

संध्याकाळी मावशी मला बचत गटाच्या बैठकीला घेऊन गेली. समाजमंदिराच्या दारात चपलांची रांग, आत नऊ-दहा बायका. कोपऱ्यात सुनंदाबाई हिरव्या पोलक्याला हातशिलाई करत होत्या. गावातलं एकुलतं शिलाई मशीन त्यांचं. मी पुन्हा फॉर्म काढले, पुन्हा तेच उत्तर. बैठक संपली, एक-दोघी पुढे निघाल्या, मागून आम्ही बाहेर आलो, तर माझ्या सँडल गायब.

"आता जा ना ठाण्यात," मावशी म्हणाली.

"जाऊ द्या हो. कोणी चुकून घातल्या असतील," मी म्हटलं.

सगळ्या खो-खो हसत सुटल्या. "आमी बी हेच म्हणतो!" कोणीतरी म्हणालं. मग पायरीवरच बैठक पुन्हा भरली. एकीचा पाण्याचा पाइप गेला होता, दुसरीच्या दोन कोंबड्या, तिसरीचं वाळत घातलेलं लुगडं.

"मग दुपारी काहून नाही सांगितलं?" मी माझ्या परीने वऱ्हाडी झाडून पाहिली.

"चोरी झाली म्हटलं का कोणाचं तरी नाव घ्या लागते," मावशी म्हणाली. "नाव घेतलं, अन् उद्या त्याच्याच घरी विरजण मागाले जायचं कसं?"

मी पेन काढलं. अंधार पडेपर्यंत नऊ फॉर्म भरले, सगळे गच्च. वीस झाले! मी इतकी खुश होते की अनवाणी घरी आले हे लक्षातही आलं नाही.

रविवारी सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्याशी माझ्या सँडल. धुऊन पुसून ठेवलेल्या, आणि उसवलेल्या पट्ट्यावर हिरव्या दोऱ्याचे बारीक टाके.

"मावशी, कोणी ठेवल्या?"

"इचारू नोको," मावशी भाकरी थापता थापता म्हणाली. "चाय घे."

दोन सेमिस्टर मी भौतिक पुरावा शिकले आहे. हिरवा दोरा ओळखायला तेवढंही लागलं नसतं. जीपपर्यंत पोचवायला बायका आल्या, त्यांत सुनंदाबाईही होत्या. त्यांची नजर माझ्या पायांकडे गेली, मग त्यांनी शेंगांची पिशवी माझ्या हातात कोंबली. "पुन्हा ये," एवढंच म्हणाल्या. मला त्या फार आवडल्या.

सोमवारी सरांनी फॉर्म मोजले. "वीस म्हटले होते, एकवीस आहेत."

"एकविसावा माझा आहे, सर."

त्यांनी चष्मा सारखा करून वाचला. वस्तू: सँडल. तक्रार: नाही. परत मिळाली: हो, दुरुस्त होऊन. "कोणी नेली ते लिहिलं नाहीस. माहीत नाही का?"

"माहीत आहे, सर," मी म्हटलं. "पण मला त्या गावात पुन्हा जायचंय."